नातवाला साधी गोळी, आजोबांना ट्रॅमाडॉल

लोकमान्यनगरच्या एका काकूंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. थोरल्या नातवाच्या अक्कलदाढा २०११ मध्ये काढल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हायड्रोकोडोनच्या तीस गोळ्या दिल्या होत्या. यंदा धाकट्याच्या काढल्या, तर नुसती आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, आणि पोर दोन दिवस कण्हत होतं. इकडे इंदुरात काकांची एक दाढ काढली आणि त्यांना ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलच्या पंधरा गोळ्या मिळाल्या. केमिस्टनं वहीत नाव-पत्ता लिहून घेतला, त्यामुळे काकू घाबरल्या. काका ७२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन जरा वाढलेलं. "तिकडे जोरदार औषध बंद झालं आणि आता ते आपल्याकडे आलं, असं आहे का? ह्यांना सवय लागेल का?"

काकू, मी दंतवैद्य, म्हणून आधी धाकट्या नातवाचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नात एक समजूत दडली आहे: थोरल्याला भारी औषध मिळालं आणि धाकट्याची साध्या गोळीवर बोळवण झाली. तसं नाही. दाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावर धाकट्याला मिळालेलं औषधच जास्त चांगलं आहे. स्वस्त आहे, घरोघरी असतं, म्हणून ते आपल्याला हलकं वाटतं, इतकंच.

दाढ काढताना हिरडी कापली जाते, कधी हाड घासावं लागतं. जखमी पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. ती जखमेजवळच्या नसांची टोकं इतकी हळवी करतात की गार पाणी लागलं तरी जीव कळवळतो. सूजही त्यांच्यामुळेच वाढते. आयबुप्रोफेन ही रसायनं तयार होण्याचं यंत्रच जागेवर बंद करतं. हायड्रोकोडोन, कोडीन, ट्रॅमाडॉल ही अफूच्या कुळातली मंडळी जबड्यात काहीही करत नाहीत. ती मेंदूत आणि मज्जारज्जूत जाऊन निरोप दाबतात. आग तशीच ठेवून घंटा बंद करण्यातला प्रकार. शिवाय मेंदूत जिथे ती बसतात तिथेच सुखाची आणि हवंहवंसं वाटण्याची यंत्रणा आहे. सवय लागते ती तिथून.

यात माझं मत कमी आणि मोजमाप जास्त आहे. नवी वेदनाशामक औषधं तपासायला जगभर अक्कलदाढेचेच रुग्ण वापरतात, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. तरुण, धडधाकट माणसं, सगळ्यांची शस्त्रक्रिया जवळपास सारखी, आणि भूल उतरली की दुखणं हमखास येणार. तपासायला याहून सोयीचं दुखणं मिळत नाही. त्यामुळे आमच्या हाती या एका दुखण्याबद्दल कित्येक वर्षांची आकडेवारी आहे, आणि त्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडी अफूच्या कुळातल्या मिश्रणांपेक्षा सरस ठरत आली आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अठराशेहून अधिक रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना हायड्रोकोडोनचं मिश्रण, निम्म्यांना ही साधी जोडी. कुणाला काय दिलं ते रुग्णांना माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. पहिल्या दिवशी आणि पहिल्या रात्री, म्हणजे दुखणं ऐन भरात असताना, साध्या जोडीवाल्यांना कमी दुखलं.

मग थोरल्याला त्या तीस गोळ्या कशासाठी दिल्या? याचं उत्तर औषधशास्त्रात नाही, दवाखान्याच्या वेळापत्रकात आहे. तिकडे सतरा-अठराव्या वर्षी चारही अक्कलदाढा एकाच बैठकीत, शिरेतून गुंगीचं औषध देऊन काढण्याची पद्धत आहे. आपण बहुधा त्रास देणारी एखादी दाढ जागेवर भूल देऊन काढतो, बाकीच्यांना हात लावत नाही. चार जखमा, घरी पाठवलेलं गुंगीतलं पोर, शनिवार-रविवार दवाखाना बंद. रात्री दोनला आईचा फोन येऊ नये म्हणून डॉक्टर आधीच भरपूर गोळ्या लिहून मोकळा होई. माझे दोन बॅचमेट तिकडे आहेत. त्यातला एक स्पष्ट म्हणाला, "तो आकडा दुखण्याचा नव्हता गं, माझ्या झोपेचा होता."

वातावरणही तसंच होतं. १९८० मध्ये एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं होतं: रुग्णालयात अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ जणांपैकी व्यसन फक्त चौघांना लागलं. रुग्णालयातल्या, नर्सच्या हातून मोजून औषध घेणाऱ्या माणसांबद्दलचं हे पत्र. पुढे घरी न्यायच्या बाटल्यांसाठी त्याचा दाखला वर्षानुवर्षं दिला गेला. १९९६ मध्ये याच कुळातलं ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं, आणि दुखणं सहन करायला लावणं हा डॉक्टरचा गुन्हाच, अशी हवा तयार झाली. दंतवैद्य त्या हवेत वाहत गेले. खरं तर ते पुढेच होते. १९९८ मध्ये तिथल्या झटपट काम करणाऱ्या ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातल्या, गोळ्यांची साडेपंधरा टक्के प्रिस्क्रिप्शनं दंतवैद्यांची होती.

पुढे २०१२ पर्यंत ओपिऑइड प्रिस्क्रिप्शनांतला हा वाटा ६.४ टक्क्यांवर आला, आणि बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास सोडला. आकडे वाचताना इथे फसायला होतं. वाटा घटला तो मुख्यतः बाकीच्या डॉक्टरांनी बेसुमार लिहायला सुरुवात केली म्हणून. खासगी विमा असलेल्या रुग्णांचे आकडे पाहिले तर २०१० मध्ये दर हजार दंतरुग्णांमागे अशी सुमारे १३१ प्रिस्क्रिप्शनं होती, २०१५ मध्ये १४७ झाली. आणि वाढ सगळ्यात जास्त कुठे? ११ ते १८ वर्षांच्या मुलांमध्ये: जवळपास शंभरावरून १६६ वर. थोरला नातू नेमका त्या चढणीवर होता. त्याच्याही आधी, २००९ मध्ये, १० ते १९ वयोगटाला मिळालेल्या ओपिऑइडपैकी जवळजवळ ३१ टक्के दंतवैद्यांच्या हातून गेली होती. म्हणजे कित्येक अमेरिकी मुलांची या औषधाशी पहिली ओळख दातांच्या खुर्चीतच झाली.

त्या ओळखीचं पुढे काय झालं, तेही मोजलं गेलं. २०१५ मध्ये दंतवैद्याकडून ओपिऑइड मिळालेली १६ ते २५ वर्षांची मुलं आणि न मिळालेली त्याच वयाची मुलं यांची तुलना झाली. वर्षभरात व्यसनाशी निगडित निदान पहिल्या गटात ५.८ टक्के, दुसऱ्यात ०.४ टक्के. गोळी घेतलेल्या प्रत्येक सतरा-अठरा मुलांत एक. ज्यांना गोळ्या मिळाल्या त्यांच्यात आधीपासून काही वेगळं असेल, असा वाद करता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पण ज्या औषधाची गरजच नव्हती त्यासाठी हा जुगार कोण खेळेल?

आणि घेतलेल्या गोळ्यांपेक्षा मला जास्त भीती उरलेल्या गोळ्यांची वाटते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांच्या गोळ्या मोजल्या होत्या. सरासरी २८ गोळ्या मिळाल्या, तीन आठवड्यांनी १५ शिल्लक. अभ्यास छोटा, जेमतेम ऐंशी रुग्णांचा, पण आम्हा दंतवैद्यांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. या पंधरा गोळ्या बाथरूममधल्या कपाटात राहतात आणि मुलाचा मित्र, कामवाली, पाहुणा, कुणाच्याही हाती लागतात. मुलीला आजच विचारा, थोरल्याची ती बाटली कुठे आहे. मी हे थट्टेनं म्हणत नाही.

दात दोन्हीकडे सारखेच असतात, त्यामुळे इंग्लंडशी केलेली तुलना मला फार बोलकी वाटते. २०१६ मध्ये अमेरिकी दंतवैद्यांच्या एकूण प्रिस्क्रिप्शनांपैकी २२.३ टक्के ओपिऑइडची होती, इंग्लंडमध्ये ०.६ टक्के. एकीकडे १ कोटी १४ लाख, दुसरीकडे अठ्ठावीस हजार. इंग्रज माणसाचा जबडा काही लोखंडाचा नाही. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत दंतवैद्याला लिहिता येणाऱ्या औषधांच्या यादीत या कुळातलं एकच औषध आहे, डायहायड्रोकोडीन, आणि तेही दातावर फारसं चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. यादीच छोटी, म्हणून हातही आखडता.

अमेरिकेत हात आखडला तो टप्प्याटप्प्यानं. ऑक्टोबर २०१४ मध्ये हायड्रोकोडोनची मिश्रणं कडक नियंत्रणाच्या गटात गेली, फोनवर सांगून द्यायची सोय संपली. राज्याराज्यांत नोंदवह्या आल्या. या रुग्णानं दुसरीकडून किती गोळ्या घेतल्या ते डॉक्टरला पडद्यावर दिसू लागलं. मार्च २०१८ मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं सात दिवसांहून जास्त लिहू नये असं धोरण जाहीर केलं. २०२३ मध्ये मुलांसाठी आणि २०२४ मध्ये किशोरवयीन व प्रौढांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या: पहिली पसंती आयबुप्रोफेनच्या वर्गाला, जोडीला पॅरासिटामॉल. धाकट्या नातवाच्या डॉक्टरांनी तेच केलं. पोर कण्हलं, हे खरं. चार जखमा असताना थोडं कण्हणारच. हायड्रोकोडोनवरही ते कण्हलं असतं, वर मळमळ आणि बद्धकोष्ठ.

आता आपल्याकडे येऊ. इकडे आपण शहाणे होतो म्हणून वाचलो, असं मी म्हणणार नाही. आपण वाचलो ते कायद्याच्या धाकानं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानंतर मॉर्फिनची परवानगी, नोंदी, तपासणी यांचा इतका जाच होता की कॅन्सरनं तळमळणाऱ्या माणसालाही ते मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीनं ती वाट जरा मोकळी केली. दंतवैद्य त्या भानगडीत पडणं शक्यच नव्हतं. गंमत अशी की जगभर ज्या अफूपासून ही औषधं बनतात, तिची सरकारी परवान्याची शेती आपल्याच माळव्यात, मंदसौर-नीमच-रतलामकडे होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोड्यांना चिरे देऊन चीक गोळा करतात, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यातून मॉर्फिन-कोडीन निघतं. इंदूरपासून गाडीनं पाच-सहा तास. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी किडक्या दाढेत अफूचा कण दाबून ठेवत, आणि रडक्या पोराला बाळागोळी देत ती अफूचीच. आपल्या घरांना या वनस्पतीची ओळख अमेरिकेपेक्षा फार जुनी आहे.

आणि आमचे हात अगदीच स्वच्छ नव्हते. नव्वदच्या दशकात मी दवाखाना उघडला तेव्हा डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन हे याच कुळातलं औषध असलेल्या कॅप्सूल सर्रास मिळत. औषध कंपनीचा एमआर नमुने टेबलावर ठेवून जायचा. मीही लिहिल्या. परदेशीपुऱ्याकडचा, गिरणी बंद पडून घरी बसलेला एक तरुण मुलगा दाढ काढून गेला आणि सहा महिन्यांनी परत आला. म्हणाला, "मॅडम, वही कॅप्सूल लिख दो." तोंड तपासलं, जखम केव्हाच भरलेली. दुखतं कुठे विचारलं तर आधी दाढ दाखवली, मग पाठ, मग डोकं. मी नाही म्हटलं, तो शिवी न देता, मान खाली घालून निघून गेला. ती मान मला अजून आठवते. पहिली कॅप्सूल माझ्याच कागदावरची होती. मे २०१३ मध्ये ते औषध भारतात थांबवलं गेलं, आणि त्या रिकाम्या जागेत ट्रॅमाडॉल येऊन बसलं.

ट्रॅमाडॉल अफूच्या चिकातून निघत नाही, ते कारखान्यात घडतं. १९७७ पासून जर्मनीत विकलं जात होतं, आणि "याची सवय लागत नाही" अशी त्याची ख्याती होती. ही ख्याती आमच्या पिढीनं खरी मानली. सवय लागते. यकृतात त्याचं रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो तो मॉर्फिनच्याच जागी जाऊन बसतो. काहींच्या शरीरात हे रूपांतर फार वेगानं होतं, काहींच्यात जवळजवळ होतच नाही. म्हणून एकाच गोळीनं एकजण झिंगतो आणि दुसऱ्याला काडीचा गुण येत नाही. मार्च २०१४ पासून ते शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीत आहे, आणि एप्रिल २०१८ पासून एनडीपीएसखाली. केमिस्टनं नाव-पत्ता लिहिला तो एच-वनमुळेच: लिहिणारा डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद त्याला तीन वर्षं जपावी लागते. लिहून घेणारा केमिस्ट चांगला, काकू. न लिहिता गोळ्यांचा पत्ता हातात ठेवणाऱ्याला घाबरा.

तर तुमच्या प्रश्नातलं "तिकडे बंद झालं, इकडे आलं" हे अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे ते एकट्या नावानं येत नाही, मिश्रणातून येतं. पॅरासिटामॉल ओळखीचं, म्हणून शेजारचं ट्रॅमाडॉल नजरेतून सुटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारनं १५६ मिश्रणं बंद केली, त्यात पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल, टॉरीन आणि कॅफीन एकत्र असलेली गोळीही होती. हे चार जिन्नस एका गोळीत कशासाठी, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

मात्र इंदुरात माझ्या खुर्चीवर येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचा धोका ट्रॅमाडॉल हा नाहीच. तो आहे पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक, निमेसुलाइड आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकची मिश्रणं, मेडिकलवरून स्वतःच आणलेली. किडकी दाढ महिनाभर केटोरोलॅकवर ढकलायची, सराफ्यात रात्री गरमागरम गराडू खायचे, आणि मग जठरातून रक्त जाऊन काळी शी झाली की एमवाय हॉस्पिटल गाठायचं. ही सगळी आयबुप्रोफेनच्याच वर्गातली, आणि केटोरोलॅक तर जास्तीत जास्त पाच दिवसांचं औषध आहे. आयबुप्रोफेनच्या वर्गाची मी वर इतकी स्तुती केली, ती तीन-चार दिवसांपुरती आणि मूत्रपिंड, जठर धड असलेल्यांसाठी.

म्हणून काकांचं प्रकरण वेगळं. बीपीच्या बऱ्याच गोळ्या, विशेषतः नावाच्या शेवटी "सार्टान" असणाऱ्या, आणि लघवी वाढवणारी गोळी यांच्या जोडीला आयबुप्रोफेनचा वर्ग दिला तर थकलेलं मूत्रपिंड आणखी बसतं. क्रिएटिनिन वाढलेलं पाहून तुमच्या डॉक्टरांनी तो वर्ग टाळला असेल, तर बरोबरच केलं. मीही टाळला असता. पण मी आधी नुसतं पॅरासिटामॉल दिलं असतं, ५०० ची गोळी दर सहा तासांनी, न चुकता, दुखायची वाट न पाहता. ट्रॅमाडॉलचं मिश्रण जोडीला ठेवलं असतं ते रात्रीपुरतं, फार तर पाच-सहा गोळ्या. पंधरा मला जास्त वाटतात. पंधरांनी काकांना व्यसन लागेल असं मात्र नाही. दोन-तीन दिवसांत थांबणाऱ्या माणसाला ती भीती बाळगायचं कारण नाही.

माझी काळजी दुसरीकडे आहे. या वयात ट्रॅमाडॉलनं चक्कर येते. रात्री लघवीला उठताना तोल गेला तर दाढेचं दुखणं परवडलं म्हणायची पाळी येईल. प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी तुंबते, बद्धकोष्ठ होतं. मूत्रपिंड मंद असेल तर औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं. काका मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील तर साखर अचानक उतरू शकते. उदासीनतेवरची किंवा फिटच्या झटक्यांवरची गोळी चालू असेल, तर ट्रॅमाडॉल घेण्याआधी डॉक्टरांना आजच फोन करा, कारण त्या जोडीनं झटका येऊ शकतो. आणि त्या मिश्रणात पॅरासिटामॉल आधीच आहे, हे विसरून वरून तापाची वेगळी गोळी देऊ नका. दोन्ही मिळून दिवसाला किती होतं, ते बोटांवर मोजा.

उरलेल्या गोळ्या औषधांच्या डब्यात ठेवू नका. पत्त्यातून काढून, चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीला गाठ मारा आणि सकाळी कचरागाडी आली की घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. आपल्या गाडीला तो कप्पा असतो, वापरणारे कमी. दुखणं रोज थोडं थोडं उतरत जायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढलं, कानापर्यंत ठणकायला लागलं, तोंडाला घाण वास आला, तर खळग्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. तिथे कुठलीच गोळी वाढवून उपयोग नसतो. खळगा धुऊन लवंगतेलाचा बोळा भरला की बहुधा खुर्चीतून उठायच्या आत माणूस बोलायला लागतो. काकांना तसं झालं तर थेट ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे घेऊन जा, आणि जाताना बीपीच्या गोळ्यांचा पत्ता आणि क्रिएटिनिनचा कागद सोबत न्या.